अफलातून आणि अपेक्षित प्रश्नसंच

परभणीच्या बाजारात एखादा जिन्नस मनास फार आला, म्हणजे खरेदीदार 'अफलातून!' म्हणून मोकळा होतो. आणि हा उद्गार काढताना आपण इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्स नगरीत विद्यादान करणाऱ्या एका तत्त्वज्ञाचे नाव उच्चारीत आहोत, याची गंधवार्ता त्यालाही नसते आणि ऐकणाऱ्या दुकानदारालाही नसते. ग्रीकांचा प्लेटो अरबांकडे गेला तो अफलातून झाला, फारसीच्या संगतीने दख्खनेत उतरला, आणि मराठीत येऊन पोहोचेपर्यंत त्याच्यातला तत्त्वज्ञ वाटेतच कोठेतरी गळून पडून केवळ एक विशेषण शिल्लक राहिले. आजच्या विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या पुस्तिकांतूनही नेमके हेच घडत असते, म्हणून या शब्दाची आठवण झाली.

परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता. १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला, आणि त्यासाठी लागणारे ग्रंथ सिद्ध करण्याकरिता एक स्वतंत्र भाषांतर खाते, दार-उल्-तर्जुमा, सरकारी खजिन्यातून चालविले. घरी मराठी बोलणारा परभणीचा जो मुलगा पुढे शिकण्यासाठी हैदराबाद गाठी, त्याला सॉक्रेटिस 'सुक्रात' म्हणून, ॲरिस्टॉटल 'अरस्तू' म्हणून आणि प्लेटो अर्थातच 'अफलातून' म्हणून भेटे. मातृभाषेस पारखे होऊन ज्ञान मिळवावे लागणे हा अन्यायच होता, आणि त्याचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. परंतु तत्त्वज्ञान एका देशी भाषेत आणावयाचे तर त्यासाठी माणसे नेमावी लागतात, परिभाषा घडवावी लागते आणि पैसा खर्चावा लागतो, ही जाण त्या दरबाराला होती, एवढे त्याच्या पदरात घातलेच पाहिजे.

आज परभणीच्या अभ्यासिकांत बसलेल्या तरुणास प्लेटो भेटतो तो तिसऱ्याच वाटेने. बी. ए.ला राज्यशास्त्र घेतलेल्याला 'पाश्चात्त्य राजकीय विचारवंत' या अभ्यासपत्रिकेत तो गाठतो, बी. एड.ला असलेल्याला रूसो आणि ड्यूई यांच्या पंगतीत तो दिसतो. आणि जो लोकसेवा आयोगाच्या परीक्षेमागे लागला आहे त्याची तर सुटकाच नाही. कारण केंद्रीय आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा एक स्वतंत्र पेपर आला, आणि त्याच्या अभ्यासक्रमात भारतातील व जगातील नैतिक विचारवंतांचे आणि तत्त्वज्ञांचे योगदान असे एक कलम स्पष्टपणे घातलेले आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे हा व्याप अधिकच वाढला. मागणी तसा पुरवठा या न्यायाने पुस्तिका निघाल्या, 'नोट्स' निघाल्या, अपेक्षित प्रश्नांचे संच निघाले, आणि झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल लावून त्यांच्या प्रती हातोहात फिरू लागल्या.

अशीच एक पुस्तिका परवा माझ्या हाती आली. प्रत्येक तत्त्वज्ञास तिने दीड पान बहाल केले होते. प्रथम जन्म व मृत्यू, मग ग्रंथांची नावे, मग 'मुख्य विचार' या मथळ्याखाली पाच मुद्दे, मग 'टीका' या मथळ्याखाली तीन मुद्दे, आणि शेवटी चौकटीत एक सुवचन, जे उत्तराच्या आरंभी घालावयाचे. प्लेटोची गुहा चार ओळींत आटोपली होती: गुहेतील कैदी सावल्यांना सत्य मानतात, बाहेर पडलेल्याला सूर्य दिसतो, म्हणून तत्त्वज्ञाने राज्य करावे. मधल्या पानातील समासात कोणा पूर्वीच्या वाचकाने पेन्सिलीने लिहिले होते, 'म्हणून म्हणजे कसे?' साऱ्या पुस्तिकेत तत्त्वज्ञानाचे म्हणून जे एक वाक्य होते, ते हेच. आणि ते छापलेले नव्हते.

उत्तर दिले आणि प्रश्न दडविला, हा या पुस्तिकांचा मूळ दोष होय. कोणताही मोठा तत्त्वज्ञ एखाद्या प्रश्नाने हैराण झालेला मनुष्य असतो. त्याचे सिद्धान्त म्हणजे त्या हैराणीतून त्याने काढलेली वाट असते. आणि ती हैराणी विद्यार्थ्याला क्षणभर का होईना स्वतःची वाटल्यावाचून ती वाट त्याला समजणे शक्य नाही. आपल्याच मुलखातली एक कथा येथे आठवते. औंढा नागनाथ हे क्षेत्र १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. तेथे नामदेव गुरूच्या शोधात गेले, तेव्हा विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले त्यांना दिसले, अशी परंपरा सांगते. नामदेवांनी हटकले, तेव्हा विसोबांनी 'ईश्वर सर्वव्यापी आहे' असे मुद्दा क्रमांक एक म्हणून सांगितले नाही. जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, एवढेच ते म्हणाले. पुढचे काम नामदेवांच्या हातांना आणि बुद्धीला करावे लागले.

पुस्तिकेत कांटविषयी लिहिले होते: 'कर्तव्यासाठी कर्तव्य, निरपेक्ष आदेश, हेतू महत्त्वाचा, परिणाम नव्हे.' पाठ करावयास सोपे, आणि विसरावयास त्याहून सोपे. आता हेच मानवतच्या मोंढ्याजवळ नेऊन पाहू. मोंढ्याच्या कोपऱ्यावर एक किराणा दुकान आहे. आठ वर्षांची एक मुलगी मुठीत नोट आवळून पाव किलो गूळ न्यायला येते. तिला काट्याकडे पाहण्याचे भान नाही, भावाची खबर नाही. दुकानदार तिला नेमका पाव किलो गूळ, नेहमीच्याच भावाने, बांधून देतो. कृत्य चोख झाले, यात वाद नाही. परंतु का झाले? एका लबाडीने मोंढ्यात नाव जाईल आणि उद्या तिचा बाप दुसऱ्या दुकानाची पायरी चढेल, या हिशेबाने त्याने चोख माप दिले असेल, तर कांट म्हणतो की हे कृत्य कर्तव्याला धरून झाले खरे, पण कर्तव्यास्तव झाले नाही, आणि नैतिक मोल त्याला नाही. लहान मुलाला न फसविणाऱ्या दुकानदाराचा हा दाखला माझा नव्हे. १७८५ सालच्या नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात कांटनेच तो दिलेला आहे, मी त्यात गूळ आणि मोंढा तेवढा घातला.

येथवर कोणीही मान डोलावील. पण समजा, त्या दुकानदाराला मुलगी पाहून आपली लेक आठवली आणि मायेपोटी त्याने चोख माप दिले, तर? तरीही कांटचा निकाल बदलत नाही. वर्तन स्तुत्य असेल, परंतु नैतिक मोल म्हणतात ते त्याला नाहीच, कारण माया आज आली, उद्या आली नाही तर काय? या ठिकाणी वर्गातला एखादा मुलगा चवताळून उठला पाहिजे. मग मायाळू माणसापेक्षा दातओठ खाऊन धर्म पाळणारा श्रेष्ठ काय? शिलर या जर्मन कवीने याच मुद्द्यावरून कांटची थट्टा उडविली होती. पुस्तिकेच्या 'टीका' या मथळ्याखाली 'अतिशय कठोर' असे दोन शब्द आहेत. ते या भांडणाचे कलेवर होय.

परिभाषेचीही एक अडचण आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. प्लेटोच्या मते आपल्याला दिसणाऱ्या वस्तूंहून अधिक सत्य असे जे काही आहे, त्याला काही मराठी पुस्तके 'कल्पना' म्हणतात. पण मराठीत कल्पना म्हणजे मनाने रचलेली, प्रत्यक्षात नसलेली गोष्ट! विद्यार्थी वाचतो, 'प्लेटोच्या मते कल्पना हेच अंतिम सत्य', आणि या गृहस्थाचे डोके फिरले असावे असा ग्रह करून घेऊन पुढचे पान उलटतो. दोष त्याचा नाही. एका ओळीची तळटीप लिहिण्याचे ज्यांनी टाळले त्यांचा आहे.

मराठीत चांगले लिहिलेले काही नाही अशी सबब मात्र कोणी सांगू नये. टिळकांचे 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील 'आधिभौतिक सुखवाद' हे प्रकरण उघडावे, म्हणजे हॉब्स आणि मिल यांना प्रतिपक्ष म्हणून समोर बसवून त्यांचे म्हणणे आधी पुरते मांडावे आणि मग खोडावे, ही आपल्या जुन्या शास्त्रकारांची पूर्वपक्षाची रीत पाश्चात्त्य तत्त्वज्ञांना कशी लावता येते, ते दिसेल. दे. द. वाडेकरांच्या संपादकत्वाखालील तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ साली निघाला. ग. ना. जोशी यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास तीन खंडांत लिहिला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईहून १९७६ पासून निघू लागलेल्या मराठी विश्वकोशात तत्त्वज्ञांवरील नोंदी आहेत, त्यांपैकी मे. पुं. रेगे यांच्या नोंदी मला विशेष प्रिय, कारण शब्दांची उधळपट्टी न करता आणि वाचकाला अडाणी न समजता ते लिहितात. आणि तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातच जन्मलेल्या नरहर कुरुंदकरांनी 'रिचर्ड्सची कलामीमांसा' लिहून एका इंग्रज विचारवंताची ओळख करून द्यावी तर कशी, त्याचा वस्तुपाठच घालून दिला: आदर पुरता, शरणागती नाही.

तयारीच्या पुस्तिकांवर बहिष्कार घाला, असे मी म्हणत नाही. दिवसा रोजंदारी आणि रात्री अभ्यासिका करणाऱ्या मुलाला तीन खंड वाचण्याची सवड कोठून असणार? पुस्तिका ही नकाशासारखी वापरावी. गंगाखेडचा रस्ता नकाशावर बोट फिरवून पायाखालून जात नाही, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे. परंतु पुस्तिका लिहिणाऱ्या प्राध्यापकांस एक विनंती अवश्य करावीशी वाटते: दीड पानच द्यावयाचे असेल तर त्यातले अर्धे पान त्या तत्त्वज्ञाच्या प्रश्नाला द्यावे, दाखला मोंढ्यातला किंवा शेतातला घ्यावा, आणि सुवचनाची चौकट काढून टाकून तेथे पुढे काय वाचावे ते छापावे.

विद्यार्थ्यांसाठी एवढेच, की विश्वकोश आता इंटरनेटवर मोफत आहे, तो मोबाईलवरही उघडतो. कांटवरची नोंद शांतपणे वाचायला साधारण एक तास पुरतो, आणि पुस्तिकेतले दीड पान पाठ करायलाही तेवढाच वेळ लागतो. नोंद आधी वाचावी.