पहारेकऱ्याचे टेबल कुठे मांडायचे?

जमिनीवर गालिचा, बसायला गादीच्या खुर्च्या, आणि पहाऱ्यावरच्या शिपायाभोवती ना गज ना काच. कॅलिफोर्नियातल्या कॉन्ट्रा कोस्टा काउंटीने १९८१ साली मार्टिनेझ गावात असा तुरुंग उघडला. हे सगळे चार दिवसांत मोडून ठेवतील, अशी शंका कोणाच्याही मनात यावी. या तुरुंगाची मांडणी मात्र नेमकी त्या शंकेच्या उलट विचारावर उभी होती.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिथला शेरीफ बहुतेक ठिकाणी लोकांच्या मतांनी निवडून येतो. मुंबईच्या शेरीफपदासारखे ते नुसते मानाचे पद नाही. गस्तीच्या गाड्या त्याच्या, आणि बहुधा तुरुंगही त्याचाच. या तुरुंगात मुख्यतः कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही अशी माणसे. उरलेले बरेचसे वर्षभराच्या आतली शिक्षा भोगणारे. ही गोष्ट नकाशा काढणाऱ्याने विसरून चालत नाही, कारण त्याच्या इमारतीत राहणाऱ्या अनेकांवर गुन्हा शाबीतच झालेला नसतो.

तुरुंगाची जुनी रचना मराठी वाचकाला चांगली ठाऊक आहे. अंदमानचे सेल्युलर जेल डोळ्यांपुढे आणा. मधोमध मनोरा, त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, आणि एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. फिलाडेल्फियात १८२९ साली सुरू झालेल्या ईस्टर्न स्टेट तुरुंगाच्या मूळ आराखड्यातही मध्यापासून निघालेल्या सातच इमारती होत्या. अमेरिकेतले बहुतेक काउंटी तुरुंग याहून साधे: लांब बोळ, बाजूला कोठड्यांची रांग, आणि अधूनमधून फेरी मारणारा शिपाई. तो पुढे सरकला की मागे काय घडते, हे फक्त आत असलेल्यांना कळायचे. मग काचेआड बसून सगळीकडे बघणारे नियंत्रणकक्ष आले. नजर पोचली, पण भांडण पेटताना बघायचे आणि मदत बोलवायची, एवढेच काचेमागच्या माणसाच्या हाती राहिले.

मार्टिनेझमध्ये ही काच काढली. कोठड्या एका मोठ्या दालनाभोवती मांडल्या आणि शिपायाचे टेबल थेट त्या दालनात आणून ठेवले. पन्नासेक कैद्यांमध्ये एकच शिपाई, दिवसभर. कोण जेवला नाही, फोन ठेवल्यावर कोण गप्प बसला, हे त्याला समोर दिसते. ही पद्धत त्याआधी केंद्र सरकारच्या काही शहरी तुरुंगांत वापरात आली होती. त्यांतला एक शिकागोचा त्रिकोणी मनोरा, हॅरी वीझ यांनी रेखाटलेला, १९७५ चा. त्याच्या खिडक्या जेमतेम पाच इंच रुंद ठेवल्या, गज लावावे लागू नयेत म्हणून. ही पद्धत जिथे नीट राबवली गेली, तिथे मारामाऱ्या आणि नासधूस कमी आढळली. मात्र शिपायाला नुसती नजर ठेवून भागत नाही, माणसांशी बोलता यावे लागते. त्याचे प्रशिक्षण वगळून फक्त भिंती बांधल्या, तर सगळा खर्च वाया.

आज शेरीफचे कार्यालय आणि तुरुंग एकत्र असलेल्या संकुलाच्या आराखड्यात वास्तुकार आधी वाटा वेगळ्या करतो. तक्रार द्यायला आलेली बाई, कामावरचा शिपाई आणि बेड्या घातलेला माणूस यांच्या वाटा शक्यतो कुठेच एकमेकींना छेदू नयेत. अटक केलेल्याला घेऊन गाडी एका बंदिस्त आवारात शिरते. मागचे दार पूर्ण लागल्याशिवाय आतले दार उघडतच नाही.

त्या दारापलीकडचे पहिले काही तास सर्वांत नाजूक. अमेरिकेच्या स्थानिक तुरुंगांत आत्महत्या हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे, आणि आल्याआल्याचे दिवस त्यासाठी विशेष धोक्याचे. म्हणून भिंतीवरचा कपड्याचा हूक असा असतो की भार पडताच खाली कलावा. हवेच्या जाळीची भोके इतकी बारीक की त्यांतून चादरीची चिंधी ओवता येऊ नये. नव्या तुरुंगांत नोंदणीची जागाही दवाखान्यातल्या प्रतीक्षालयासारखी, उघड्यावर खुर्च्या मांडलेली असते. भेदरलेला माणूस लगेच एकट्या कोठडीत जात नाही, चार जणांच्या नजरेत राहतो. इमारतीचा दर्शनी भाग कितीही देखणा असो, तिची परीक्षा या हुकाजवळ आणि या खुर्च्यांजवळच व्हायला हवी.

मार्टिनेझचे वास्तुकार म्हणजे कॅप्लन मॅक्लॉफ्लिन डियाझ ही कंपनी. पुढे केएमडी या नावाने तिने एचएमसी आर्किटेक्ट्ससोबत सॅन डिएगो काउंटीचा लास कोलिनास हा महिला तुरुंग आखला; तो २०१४ साली उघडला. तिथे एक भलीमोठी इमारत नाहीच. कॉलेजच्या आवारासारख्या सुट्या इमारती, मध्ये हिरवळ आणि पायवाटा. कमी जोखमीच्या बायका राहण्याच्या जागेतून वर्गाला किंवा जेवायला निघतात, तेव्हा उघड्या आभाळाखालून चालत जातात.

मार्टिनेझच्या वाट्याला मात्र गर्दी आली. एका माणसासाठी आखलेल्या खोल्यांमध्ये दुसरी खाट चढली. दालन तेवढेच राहिले, टेबलही तेच, आणि त्या एका शिपायाने ओळखायचे चेहरे वाढले.