फॉक्सप्रोमधील फाइल-स्थिती फंक्शन्स: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फॉक्सप्रोमध्ये डीबीएफ फाइलची स्थिती विचारण्यासाठी छोटी छोटी फंक्शन्स आहेत. पॉइंटर शेवटाच्या पलीकडे गेला का हे ईओएफ() सांगते, शोध लागला का हे फाउंड(), रेकॉर्ड्स किती हे रेककाउंट(), चालू रेकॉर्डवर खोडल्याची खूण आहे का हे डिलिटेड(), फाइल डिस्कवर आहे का हे फाइल(). बहुतेकांचे उत्तर सत्य किंवा असत्य असे एका शब्दात येते आणि घोटाळा तिथेच होतो. उत्तर चुकीचे नसते. फंक्शनला विचारलेला प्रश्न आणि प्रोग्रामरच्या मनातला प्रश्न यांत फरक असतो.

ही फंक्शन्स मूळची डीबेसची. वेन रॅटलिफ यांनी लिहिलेला व्हल्कन हा प्रोग्राम अ‍ॅश्टन-टेट कंपनीने डीबेस २ या नावाने बाजारात आणला. पुढे नॅनटकेटचा क्लिपर आणि फॉक्स सॉफ्टवेअरचे फॉक्सबेस व फॉक्सप्रो त्याच भाषेवर उभे राहिले. मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतले, व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 ही शेवटची आवृत्ती ठरली आणि तिचा आधारही जानेवारी 2015 मध्ये संपला. तरी जुने प्रोग्राम चालू आहेत, क्लिपरशी जुळणारा हार्बर हा मुक्त कंपायलर आहे आणि नकाशांच्या शेपफाइलमधली माहिती आजही डीबीएफमध्येच साठवली जाते. त्यामुळे खालचे गैरसमज अजून जुने झालेले नाहीत.

सर्वांत रुजलेला गैरसमज ईओएफ()बद्दलचा: शेवटच्या रेकॉर्डवर पोचले की ते सत्य होते. तसे होत नाही. पाच रेकॉर्ड्सचे, इंडेक्स नसलेले टेबल उघडून गो बॉटम दिले, तर चालू रेकॉर्डचा क्रमांक देणारे रेकनो() 5 सांगते आणि ईओएफ() असत्यच असते. त्यानंतर एकदा स्किप दिले की पॉइंटर पाचव्याच्याही पुढे जातो; आता ईओएफ() सत्य आणि रेकनो() 6. हे सहावे रेकॉर्ड फाइलमध्ये नसतेच. तिथे उभे राहून फील्ड वाचले तर मजकुराच्या जागी मोकळी जागा, आकड्याच्या जागी शून्य, तारखेच्या जागी रिकामी तारीख मिळते. फॉक्सप्रोमध्ये आणखी एकदा स्किप दिले तर ‘एंड ऑफ फाइल एन्काउंटर्ड’ ही त्रुटी येते. क्लिपर मात्र काही न बोलता तिथेच उभा राहतो. म्हणून एका भाषेतला लूप दुसरीत नेताना या जागी हटकून अडखळायला होते.

त्या नसलेल्या रेकॉर्डवर रिप्लेस चालवले तर त्रुटी येत नाही आणि लिहिलेही काही जात नाही. सभासदाचा क्रमांक सीकने शोधला, तो सापडला नाही, पॉइंटर शेवटी गेला आणि पुढच्या ओळीत जमा रक्कम रिप्लेस केली, की ती रक्कम कुठेच पडत नाही. स्क्रीनवर सगळे सुरळीत दिसते. ताळेबंद जुळवायला बसल्यावर फरक निघतो. या सगळ्या कुटुंबातला सर्वांत महागात पडणारा दोष हाच असावा.

ईओएफ() फाइलच्या अखेरीस असलेली खूण वाचते, असेही मानले जाते. डीबीएफच्या शेवटी 26 या मूल्याचा एक बाइट असू शकतो हे खरे, पण ईओएफ()चा त्याच्याशी संबंध नाही. इंडेक्स लावलेला असेल तर ‘शेवट’ म्हणजे त्या क्रमातला शेवट. नावाच्या इंडेक्सवर पहिले रेकॉर्ड 3 क्रमांकाचे आणि शेवटचे 1 क्रमांकाचे असू शकते. म्हणून रेकनो() आणि रेककाउंट() सारखे आले म्हणजे आपण अखेरीस पोचलो, ही तपासणी इंडेक्स लागताच कोसळते. रेकनो() ही फाइलमधली जागा आहे, रेकॉर्डची ओळख नव्हे. पॅक चालवले की मधली खोडलेली रेकॉर्ड्स जातात आणि मागची पुढे सरकतात. रेकनो() खातेक्रमांक म्हणून जपून ठेवला असेल तर त्या दिवसापासून तो दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवतो.

पॉइंटर आरंभाच्या मागे न्यायचा प्रयत्न झाला का हे सांगणारे बीओएफ() हे ईओएफ()चे आरशातले रूप नाही. गो टॉप दिल्यावर ते असत्य असते. पहिल्या रेकॉर्डवरून स्किप -1 दिले की सत्य होते, पण पॉइंटर पहिल्याच रेकॉर्डवर राहतो. शून्य क्रमांकाचे रेकॉर्ड नसते. तेव्हा बीओएफ() सत्य असताना वाचलेले फील्ड खऱ्या रेकॉर्डचे असते, ईओएफ() सत्य असताना वाचलेले नसते. उलट दिशेने चालणारा लूप लिहिताना हा फरक विसरला की पहिले रेकॉर्ड दोनदा छापले जाते.

ईओएफ() असत्य म्हणजे वाचायला काहीतरी आहे, हेही नेहमी खरे नाही. वर्क एरियात टेबलच उघडलेले नसेल तर फॉक्सप्रोमध्ये ईओएफ() असत्य येते. त्या स्थितीत ‘डू व्हाइल नॉट ईओएफ()’ हा लूप खुशाल आत शिरतो आणि टेबलची गरज असलेल्या पहिल्या कमांडवर आपटतो. शिवाय ईओएफ() कंसात काही न देता वापरले की ते चालू वर्क एरियाबद्दल बोलते. सभासदांच्या टेबलवर फिरणाऱ्या लूपच्या पोटात खात्यांचे टेबल निवडले आणि परत येताना मूळ एरिया निवडायचे राहिले, तर लूपची अट खात्यांच्या टेबलवर तपासली जाते. कंसात अलियस, म्हणजे उघडलेल्या टेबलचे टोपणनाव, देण्याची सोय त्यासाठीच आहे. स्कॅन–एंडस्कॅन ही रचना मूळ एरिया स्वतःच पुन्हा निवडते आणि पॉइंटरही स्वतःच पुढे सरकवते. सवयीने तिच्या आत स्किप लिहिणाऱ्याला एकाआड एक रेकॉर्डच दिसते.

सेट फिल्टर दिल्याक्षणी ईओएफ() नवी स्थिती सांगेल ही अपेक्षाही फोल ठरते. फिल्टर लावल्यावर पॉइंटर जागचा हलत नाही. अटीत न बसणारे रेकॉर्डच समोर राहते आणि पॉइंटर हलवेपर्यंत ईओएफ() असत्यच सांगते. म्हणून फिल्टरनंतर गो टॉप देतात. त्यानंतर ईओएफ() सत्य आले तर अटीत बसणारे एकही रेकॉर्ड नाही, असे खात्रीने म्हणता येते.

शोधानंतर फाउंड() तपासावे की ईओएफ(), यावर जुने प्रोग्रामर दोन्ही बाजूंनी बोलतात. सीक फसले की पॉइंटर शेवटी जातो, म्हणून ‘नॉट ईओएफ()’ पुरेसे आहे असा एक पक्ष. ते चालते, पण सेट निअर ऑफ असेपर्यंतच. निअर ऑन केले, किंवा क्लिपरमध्ये सॉफ्टसीक ऑन केले, की फसलेला शोध पॉइंटरला पुढच्या जवळच्या किल्लीवर नेऊन ठेवतो. ‘जोगळेकर’ शोधले, ते नाही, पॉइंटर ‘जोशी’वर, ईओएफ() असत्य, फाउंड()ही असत्य. इथे ईओएफ()वर विसंबलेला प्रोग्राम जोगळेकरांचे पैसे जोशींच्या खात्यावर टाकतो. फाउंड() वापरावे हेच बरे. पण तेही किल्ली पूर्ण जुळल्याची हमी देत नाही: सेट एग्झॅक्ट ऑफ असताना, आणि मूळ सेटिंग तेच आहे, ‘देश’ एवढे शोधले तरी ‘देशमुख’ सापडतो आणि फाउंड() सत्य होते. दोन टेबले सेट रिलेशनने जोडलेली असतील तर मात्र ईओएफ()चा उत्तम उपयोग होतो: मुख्य रेकॉर्डला जोड न मिळाल्यास दुय्यम टेबलचा पॉइंटर शेवटी जातो, त्यामुळे त्या टेबलचा अलियस कंसात देऊन अनाथ नोंदी शोधता येतात.

रेककाउंट() म्हणजे टेबलमधल्या ‘हयात’ रेकॉर्ड्सची संख्या, हा गैरसमज दूर करायला फाइलच्या आत डोकावावे लागते. डीबीएफच्या हेडरमध्ये पहिला बाइट फाइलचा प्रकार सांगतो, पुढचे तीन बाइट शेवटच्या बदलाचे वर्ष, महिना आणि दिवस, त्यापुढचे चार रेकॉर्ड्सची संख्या, नंतरचे दोन हेडरची लांबी आणि पुढचे दोन एका रेकॉर्डची लांबी. रेककाउंट()चे उत्तर या चार बाइटांच्या आकड्यावरून येते. ते झटपट येते, कारण काहीच मोजलेले नसते. फिल्टर आणि सेट डिलिटेड यांचा त्या आकड्यावर परिणाम होत नाही. खरी मोजणी हवी असेल तर काउंट कमांड आहे. ती रेकॉर्ड्समधून फिरते, म्हणून वेळ घेते आणि संपल्यावर पॉइंटर शेवटी सोडते. मोजणी झाल्यावर लगेच फील्ड वाचले तर ते रिकामे निघते ते यामुळे.

डिलीट कमांडने रेकॉर्ड नष्ट होत नाही. प्रत्येक रेकॉर्डच्या आरंभी एक जादा बाइट असतो. त्यात मोकळी जागा असेल तर रेकॉर्ड चालू, तारका असेल तर खोडलेले. जमाखर्चाच्या वहीतल्या नोंदीवर रेघ मारावी, पण पान फाडू नये, तसा हा व्यवहार. रिकॉल दिले की तारका पुसली जाते. पॅक दिले की पान खरोखर फाटते. सभासद क्रमांक 6, नाव 30, गाव 20 आणि शिल्लक 10 अशी चार फील्ड्स असलेल्या टेबलचा रेकसाइझ() 66 नव्हे, 67 येतो तो या बाइटामुळे. त्याच टेबलचे हेडर फॉक्सप्रो 2.6 मध्ये 161 बाइटांचे: 32 बाइट मूळ, प्रत्येक फील्डचे 32 आणि शेवटी एक खूण.

डिलिटेड() फक्त चालू रेकॉर्डवरची ही तारका पाहते. सेट डिलिटेड ऑन म्हणजे खोडलेली रेकॉर्ड्स दाखव, असा अर्थ नवखे लावतात. तो बरोबर उलटा आहे, ऑन केल्यावर ती लपतात. आणि लपली तरी गो 4 असा थेट क्रमांक दिला तर पॉइंटर खोडलेल्या चौथ्या रेकॉर्डवर जातोच.

एलअपडेट() ही हेडरमधली शेवटच्या बदलाची तारीख. वेळ त्यात नसते, आणि तारीखही बदल करणाऱ्या संगणकाच्या घड्याळाची असते.

फाइल() आणि यूज्ड() यांची गल्लत नेहमीची. फाइल() डिस्कवर त्या नावाची फाइल आहे एवढेच सांगते. त्याला विस्तारनामासह पूर्ण नाव लागते. डीबीएफ हा विस्तार ते स्वतः गृहीत धरत नाही. चालू फोल्डरमध्ये न मिळाल्यास सेट पाथमधल्या फोल्डरांतही ते शोधते, त्यामुळे भलत्याच फोल्डरमधल्या जुन्या प्रतीवरही सत्य उत्तर येऊ शकते. फाइल धड आहे का, उघडेल का, याबद्दल ते काही म्हणत नाही. टेबल उघडलेले आहे का हे यूज्ड() सांगते, पण ते फाइलचे नव्हे, अलियसचे नाव घेते. सभासदांचे टेबल दुसऱ्या अलियसने उघडले असेल तर मूळ नावाने विचारल्यावर उत्तर असत्य येते. त्या उत्तरावर विसंबून ‘अगेन’ न लिहिता पुन्हा यूझ केले की ‘फाइल इज इन यूझ’. शिवाय यूज्ड() आपल्याच सत्रापुरते बोलते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने ती फाइल उघडली आहे का, हे त्याला ठाऊक नसते. व्हिज्युअल फॉक्सप्रोत खासगी डेटा सत्र असलेल्या फॉर्मला त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या सत्रातली टेबलेही दिसत नाहीत.

नेटवर्कवर फाइल मोकळी आहे का, हे आधी विचारून मग उघडण्यात अर्थ नाही. विचारणे आणि उघडणे यांच्या मधल्या क्षणात दुसरा कोणी ती घेऊ शकतो. उघडण्याचा प्रयत्न करून निकाल पाहणे हाच मार्ग. क्लिपरमध्ये यूझ किंवा अपेंड ब्लँकनंतर नेटएर() पाहतात, फॉक्सप्रोमध्ये त्रुटी पकडतात.

आरलॉक() आणि एफलॉक() या यादीत चुकून बसलेली फंक्शन्स आहेत. रेकॉर्ड कुलूपबंद आहे का हे विचारण्यासाठी आरलॉक() वापरले जाते, पण ते विचारत नाही, कुलूप लावते. सत्य उत्तराचा अर्थ ‘आता कुलूप आपले आहे’ असा. किती वेळा प्रयत्न करायचा हे सेट रीप्रोसेस ठरवते. सेट मल्टीलॉक्स ऑफ असताना दुसऱ्या रेकॉर्डवर आरलॉक() चालवले की आधीच्या रेकॉर्डचे कुलूप सुटते. म्हणजे नुसते ‘पाहायला’ म्हणून चालवलेल्या फंक्शनने अर्धवट नोंदीचे संरक्षण गेलेले असते. कुलूप न लावता आपल्या वर्क एरियाची स्थिती हवी असेल तर सिस(2011) आहे. ते सत्य-असत्य न देता शब्दांत उत्तर देते, आणि ते शब्द भाषेच्या आवृत्तीनुसार बदलू शकतात.