थांबण्याचं कसब

पाठलाग म्हणजे वेग, असं मी समजत होतो. निकोलस विंडिंग रेफनच्या ‘ड्राइव्ह’ने (२०११) तो समज मोडला. लॉस एंजेलिसमध्ये दरोडेखोरांना पळवून नेणारा हा बिननावाचा चालक त्यांना फक्त पाच मिनिटं देतो. गाडी मुद्दाम चारचौघींसारखी, रुपेरी इम्पाला. कानावर पोलिसांचा वायरलेस आणि बास्केटबॉलचं समालोचन. हेलिकॉप्टर आलं की तो पुलाखाली थांबतो. सामना संपता संपता स्टेडियमच्या वाहनतळात शिरतो, टोपी घालतो, प्रेक्षकांत मिसळतो. समालोचन करमणुकीसाठी नव्हतंच. ते त्याचं घड्याळ होतं! वॉल्टर हिलच्या ‘द ड्रायव्हर’चा (१९७८) नायकही बिननावाचाच, पण तो कसब पटवायला गिऱ्हाइकांचीच मर्सिडीज आपटून आपटून मोडतो. तो प्रसंग मजेदार खरा. धडधड मात्र मला पुलाखालीच झाली.