व्ह्यू खाली, ड्रेनेज वर!

घर घेताना आपण काय काय बघतो? व्ह्यू, पार्किंग, ऑफिसपासूनचं अंतर, आईला बरं वाटावं म्हणून वास्तू. ड्रेनेजची लाइन कुठून जाते, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या दादा-वहिनीनेही विचारलं नव्हतं. पुण्यात बावधनच्या उतारावर त्यांनी रो-हाऊस घेतलं. रस्ता वरच्या अंगाला, घर खाली, समोर हिरवीगार टेकडी. खालच्या मजल्यावर दादाचं होम ऑफिस, गेस्टरूम आणि एक झकास टॉयलेट. आता त्या टॉयलेटमधलं सगळं रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत चार मीटर चढवायचं कसं?

पंपाने. पंप घेताना दादाने एकच निकष लावला, "दोन एचपीचा द्या, कटकट नको." निघाला तो पावसाचं साचलेलं पाणी उपसायचा पंप. ताकद पैलवानाची, गळा चिमणीचा! तिसऱ्या आठवड्यात जाम. घरात पाहुणे, खड्डा काठोकाठ, आणि शॉवरच्या जाळीतून... असो. तुम्ही कदाचित डबा खाता खाता वाचत असाल.

प्लंबरकाका आले. झाकण उघडलं, पँट दुमडली आणि म्हणाले, "उतरतो मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे." वहिनी एरवी आवाज चढवत नाही. त्या दिवशी किंचाळली, "काका, आधी मागे व्हा!" तिचं बरोबरच होतं. अशा बंद खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असेल तर नाकच बधिर होतं आणि माणसाला धोका कळायच्या आत तो कोसळतो. सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्या, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2023मध्ये सांगितलं. आणि आपण 'दोन मिनिटांचं काम' म्हणून मोकळे! शेवटी सक्शनची गाडी बोलावून खड्डा उपसला.

मग नव्या पंपाचा अभ्यास माझ्याकडे आला. कारण? "तू काय, फ्रीलान्स. घरीच असतेस." (समदुःखी वाचकांना वेगळं सांगायला नको.)

पेठेतल्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती एचपी?" तुम्ही उलटा प्रश्न टाका, "केवढा मैला आरपार जातो?" घरगुती टॉयलेटसाठी मी दोन इंची तोंडाचा, 50 मिलिमीटरपर्यंतचा घनकचरा सोडणारा सीवेज पंप धरला. कटर पंपही दाखवतात. तो सगळं बारीक करून लहान पाइपमधून लांब, उंच ढकलतो. पण महाग, आणि पात्यांची झीज होते ती वेगळीच. आमच्या चार मीटरसाठी त्याची गरज नव्हती.

खरी गंमत खोक्यावर असते. 'मॅक्स हेड 10 मीटर' वाचून खूश होऊ नका. त्या उंचीला पंप एक थेंबही पुढे ढकलत नाही! आमची चढण चार मीटर, शिवाय 22 मीटर पाइप, बेंड आणि व्हॉल्व्ह यांचं घर्षण मिळून मी आणखी एक मीटर धरला. म्हणजे पाच. दोन इंची पाइपमध्ये मैला तळाशी बसू नये म्हणून मिनिटाला किमान 80-85 लिटरचा वेग हवा. म्हणून विचारायचं, "पाच मीटरला मिनिटाला 100 लिटर देईल का? कर्व्ह दाखवा." एका दुकानदाराने तो आलेख शोधायला अर्धा तास लावला. पण शोधला. आम्ही तिथूनच पंप घेतला.

नॉन रिटर्न व्हॉल्व्ह विसरू नका. तो नसेल तर पंप थांबला की पाइपमधलं चाळीसेक लिटर पाणी परत खड्ड्यात, आणि पंप पुन्हा चालू. खड्ड्याला हवाबंद झाकण, गच्चीपर्यंत व्हेंट पाइप आणि पाणी चढलं की बोंबलणारा अलार्म हवाच. वायरिंगला आरसीसीबी हवा, त्यात काटकसर नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाइड रेल आणि साखळी. पंप वरूनच ओढून काढता आला पाहिजे.

वरच्या मजल्याचं टॉयलेट रस्त्याच्या पातळीवर आहे, ते आम्ही पंपावर टाकलंच नाही, थेट चेंबरला जोडलं. वीज गेली की सगळे वर पळतात. 'फ्लशेबल' वेट वाइप्सना खाली बंदी आहे. जुन्या पंपाच्या गळ्यात त्याच अडकल्या होत्या.

परवा काका सर्व्हिसिंगला आले. साखळी ओढून पंप वर घेतला, धुतला, परत सोडला. पँट दुमडावी लागली नाही. नवा पंप एक एचपीचा आहे आणि दादाला तो अजूनही लहानच वाटतो.