वाचा, पण आम्ही सांगू तसं
मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांना बायबल घरोघरी वाचलं जायला हवं होतं. 1647 च्या कायद्यानं पन्नास घरांच्या प्रत्येक गावाला लिहिणं-वाचणं शिकवणारा शिक्षक नेमणं सक्तीचं झालं. अर्थ मात्र धर्मोपदेशकांनी लावायचा! ॲन हचिन्सन बोस्टनमध्ये घरी लोक जमवून प्रवचनांची चिकित्सा करू लागली. त्यावरून 1637 मध्ये तिच्यावर खटला चालला; त्यात ती बायबलच्या वचनाला वचनानंच उत्तर देत राहिली. पण देव आपल्याला थेट सांगतो, असं बोलून गेली आणि न्यायाधीशांना हवं ते आयतंच मिळालं. तिला हद्दपार केलं. इंग्लंडमधल्या छळाला कंटाळून आलेल्या या मंडळींना यात विसंगती दिसली नाही. क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांशी तर ते याहून कठोर वागले: 1659 ते 1661 दरम्यान चौघांना फाशी दिलं, त्यात हचिन्सनची जुनी पाठीराखी मेरी डायरही होती.