आजी-आजोबा परतल्यानंतर : मुलांच्या संगोपनात समाजाचा वाटा कोणता?

अमेरिकेतल्या मराठी घरात बाळाची चाहूल लागली की डॉक्टरांच्या तारखांबरोबर आणखी एक वेळापत्रक आखले जाते. बाळंतपणाला मुलीची आई येणार, तिचा मुक्काम संपत आला की सासू-सासरे येणार. बी-२ व्हिसावर आलेल्या पाहुण्यांना विमानतळावर साधारणतः सहा महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते. दोन्हीकडच्या पाळ्या नीट जुळल्या तर बाळाचे पहिले वर्ष घरच्याच माणसांच्या हातांत निघते. डिंकाचे लाडू, तेल-मालिश, स्मोक अलार्म वाजणार नाही इतपत धुरी, सगळे त्यात बसते. मग शेवटचे आजी-आजोबा परतीच्या विमानात बसतात आणि घरात उरतात दोन नोकऱ्या, एक रांगते मूल आणि घराच्या हप्त्याशी स्पर्धा करणारे डे-केअरचे बिल.

त्यानंतर मूल कोणी वाढवायचे, हा प्रश्न एकट्या मराठी कुटुंबांचा नाही. या देशाच्या राजकारणात तो पन्नासहून अधिक वर्षे धगधगतो आहे. १९७१ मध्ये अमेरिकी संसदेने देशव्यापी बालसंगोपन केंद्रांचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यावर नकाराधिकार वापरला. कुटुंबाने करायच्या संगोपनाऐवजी सामूहिक संगोपनाच्या बाजूने सरकारचे नैतिक वजन पडेल, हा त्यांच्या आक्षेपांतला सर्वांत गाजलेला मुद्दा. पुढे १९९६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ‘मूल वाढवायला अख्खे गाव लागते’ या आशयाच्या म्हणीवरून आपल्या पुस्तकाचे नाव ठेवले, तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार बॉब डोल यांनी पक्षाच्या अधिवेशनात प्रत्युत्तर दिले की मूल वाढवायला गाव नव्हे, कुटुंब लागते. या दोन टोकांच्या मध्ये अमेरिकी पालकांच्या पदरात पडले ते १९९३ च्या कायद्याने दिलेली बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत आणि काही अटींसह. कॅलिफोर्नियासारख्या मोजक्या राज्यांनी त्यात पगारी रजेची भर घातली, इतकेच.

या ओढाताणीचा हिशेब २०२४ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी मांडला. पालकांवरील ताण हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे सांगणारी सूचनापत्रिका त्यांनी प्रसिद्ध केली. तीत दिलेल्या आकडेवारीनुसार, बहुतेक दिवशी ताण पूर्णपणे असह्य होतो असे म्हणणारे पालक ४८ टक्के होते. इतर प्रौढांत हे प्रमाण २६ टक्के होते. सिगारेट, मद्य, एकटेपणा अशा विषयांवर जेथून इशारे दिले जातात त्या कार्यालयाने आईबापांच्या थकव्याची दखल घ्यावी, ही लहान गोष्ट नव्हे.

‘गाव की कुटुंब’ हा वादच मुळात चुकीच्या पायावर उभा आहे, असे मानववंशशास्त्र सांगते. सारा ब्लॅफर हर्डी यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला की माणूस ही प्रजातीच सामूहिक संगोपनावर तगली. चिंपांझीची आई आपले पिल्लू सुरुवातीचे अनेक महिने दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. माणसाची आई मात्र जन्मानंतर काही तासांतच बाळ इतरांच्या ओंजळीत ठेवते. काँगोच्या जंगलातल्या एफे लोकांचे १९८० च्या दशकात निरीक्षण झाले, तेव्हा सुमारे चार महिन्यांच्या बाळांचा साठ टक्क्यांच्या आसपास वेळ आईखेरीज इतरांजवळ जात असल्याचे आढळले. टांझानियातल्या हाड्झा समाजात कंदमुळे खणून नातवंडांना जगवणाऱ्या आज्यांचा अभ्यास क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. अपत्यक्षमता संपल्यावरही स्त्री एवढी वर्षे का जगते, या कोड्याचे उत्तर त्यांना त्या आज्यांच्या कष्टांत दिसले. या दृष्टीने पाहता सहा महिन्यांच्या व्हिसावर येणारी मराठी आजी काही उपरी सोय नाही. माणसाच्या फार जुन्या व्यवस्थेचा तो धागा आहे, फक्त आता त्यावर परतीच्या तारखेचा शिक्का बसतो.

तरीही ‘समाज’ म्हणजे नेमके काय, हे ठरवल्याशिवाय चर्चा पुढे जात नाही. गणेशोत्सवाला सभागृह भरले म्हणजे समाज झाला काय? या प्रश्नाचे मोजता येईल असे उत्तर शिकागोत सापडते. रॉबर्ट सॅम्पसन, स्टीफन रॉडेनबुश आणि फेल्टन अर्ल्स या तिघांनी तेथील ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास १९९७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना शेजारप्रेमाविषयी गोड प्रश्न विचारले नाहीत. शाळा बुडवून मुले नाक्यावर उभी दिसली तर तुमचे शेजारी काही करतील का? कुणी पोर भिंतीवर रंग फासत असेल तर? एखादे मूल मोठ्या माणसाशी उद्धटपणे वागले तर? अशा प्रश्नांबरोबर शेजाऱ्यांवर विश्वास किती, हेही विचारले. या दोहोंच्या मिलाफाला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ ‘सामूहिक परिणामकारकता’ असा करता येईल. ज्या वस्त्यांत ती अधिक, तेथे हिंसाचार कमी, आणि गरिबी व सततच्या स्थलांतराचा हिशेब केल्यावरही हा संबंध टिकून राहिला. दुसऱ्याच्या मुलाला हटकण्याची तयारी, आणि आपल्या मुलाला कुणी हटकले तर त्याचा राग न येण्याइतका विश्वास, अशी ही दुहेरी अट आहे.

अमेरिकेतल्या मराठी समाजाला हीच कसोटी लावून पाहावी. नाती जोडण्यात मराठी भाषा उदार आहे. विमानतळावर भेटलेला अनोळखी गृहस्थही काका होतो आणि ढोल-ताशा पथकातली प्रत्येक स्त्री मावशी. पण तेरा-चौदा वर्षांचे मूल शाळेच्या वेळेत मॉलमध्ये दिसले तर त्या मावशी त्याला थांबवून विचारतील का? बहुधा नाही. त्याच्या आईला व्हॉट्सॲपवर कळवतील. किंवा ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून तेही नाही. नात्याचे संबोधन आले, पण त्याबरोबर येणारा अधिकार आणि जबाबदारी मागेच राहिली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली गावोगावची मंडळे आज उत्तम कार्यक्रम करतात, स्वयंसेवक रविवारची झोप मोडून मराठी शाळा चालवतात. शाळेचा मोठा लाभ बाराखडीइतकाच आणखी एका गोष्टीत आहे: तेथे मुलाला आईबापांखेरीज एक प्रौढ व्यक्ती वर्षानुवर्षे, दर आठवड्याला भेटते आणि त्याला नावानिशी ओळखते. स्नेहसंमेलनात मात्र मुले रंगमंचावर असतात आणि मोठी माणसे मोबाइल उंचावून समोर. त्याला सहवास म्हणणे कठीण आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते: वाड्यात असे नव्हते, चाळीत असे नव्हते. ते अर्धेच खरे आहे. चाळीच्या गॅलरीत कुणाचेही मूल कुणाच्याही घरी जेवत असे, यात शंका नाही. पण त्या जेवणामागचे कष्ट कोण करत होते, हे स्मरणरंजनात वगळले जाते. याचा लखलखीत पुरावा डहाणूजवळच्या कोसबाडला मिळतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत नेले. मुले बालवाडीकडे येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून रुजला. थोरल्या मुली शाळेत येऊ शकत नव्हत्या, कारण धाकटी भावंडे त्यांच्या कडेवर होती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ‘गाव मूल वाढवते’ याचा तेथील व्यवहारातला अर्थ आठ-नऊ वर्षांची बहीण मूल वाढवते असा होता, आणि तिची किंमत तिच्या पाटी-पेन्सिलीने चुकती होत होती. ताराबाईंनी गावाला दोष दिला नाही. त्याच्या भाराची फेरवाटणी केली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले.

भाराची वाटणी ठरवून करावी लागते, आपोआप होत नाही, याचे अमेरिकी उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकांत दडले आहे. १९७० च्या दशकात वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल भागात सुमारे दीडशे जोडप्यांनी मुले सांभाळण्याची सहकारी संस्था चालवली होती. पैसे नाहीत, फक्त कुपने. एक कुपन म्हणजे अर्ध्या तासाची राखण. दुसऱ्याची मुले सांभाळा, कुपने मिळवा. बाहेर जायचे असेल तेव्हा ती खर्च करा. काही काळाने व्यवहार जवळजवळ ठप्प झाला. प्रत्येक जोडपे अडीअडचणीसाठी कुपने साठवून ठेवू लागले. बाहेर कुणी जाईना, म्हणून राखणीची संधी कुणाला मिळेना. मदत करायला सारे तयार, घ्यायला कुणी नाही. प्रत्येकाने महिन्यातून दोनदा बाहेर पडलेच पाहिजे असा नियमही करून पाहण्यात आला. अखेर चलनातली कुपने वाढवली तेव्हा गाडी रुळावर आली. जोन आणि रिचर्ड स्वीनी यांनी १९७७ मध्ये हा किस्सा लिहिला आणि पॉल क्रुगमन यांनी मंदी समजावण्यासाठी तो जगभर नेला.

अर्थतज्ज्ञांनी त्यातून चलनपुरवठ्याचा धडा घेतला. मराठी कुटुंबांसाठी त्यातला धडा निराळा आहे आणि अधिक बोचरा. देणाऱ्यांची वाण येथे क्वचितच असते. कुणाकडे बाळ जन्मले की पंधरा दिवस डबे पोचवण्याची यादी तासाभरात भरते. अडते ते मागण्यापाशी. ‘उगाच कुणाला त्रास कशाला’ हे वाक्य सौजन्याचे वाटते, पण त्याचा परिणाम कुपने साठवण्यासारखाच होतो. जो कधीच मागत नाही तो दुसऱ्यालाही मागण्याची मुभा देत नाही. शेजारच्या घरी वाटीभर साखर मागायला जाणारे मूल केवळ साखर आणत नसे. उद्या तुम्हीही या, हा निरोप ते पोचवत असे. परदेशात ही वाटी दुकानातून विकत येते, तो निरोप येत नाही. डे-केअरला पैसे मोजून सेवा मिळते, उत्तमही मिळते. मात्र रात्री अडीच वाजता धाकट्याला घेऊन इमर्जन्सी रूममध्ये जावे लागले तर थोरलीजवळ कोण थांबणार, याची सोय त्या बिलात नसते.

समाजाच्या सहभागाला धोक्याची बाजूही आहे आणि ती संकोचाने झाकण्यासारखी नाही. ‘घरचेच आहेत’ या विश्वासाच्या आडोशाने मुलांवर अत्याचार होतात आणि मंडळाची अब्रू जपण्यासाठी ते दडपलेही जातात. शिक्षक, डॉक्टर अशा व्यावसायिकांवर मुलांवरील अत्याचाराचा संशय आल्यास कळवण्याची कायदेशीर सक्ती अमेरिकेत सर्वत्र आहे. काही राज्यांत ती प्रत्येक प्रौढावर आहे. जेथे मुले नियमितपणे एकत्र येतात तेथे स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणे आणि कोणताही प्रौढ एकटा मुलांसोबत राहणार नाही अशी व्यवस्था ठेवणे, याला अविश्वास समजण्याचे कारण नाही. याच्या उलट टोकाला अतिदक्ष शेजारी असतो. मूल एकटे बागेत दिसले म्हणून त्याच्याशी न बोलता थेट पोलिसांना फोन करण्याचे प्रकार इतके बोकाळले की युटा राज्याने २०१८ मध्ये कायदाच केला: पुरेशा समजदार मुलाला एकटे शाळेत जाऊ देणे किंवा बाहेर खेळू देणे ही हेळसांड नव्हे. शिकागोच्या अभ्यासातली हटकण्याची तयारी ती ही नव्हे. तेथे शेजारी मुलाशी बोलतो. येथे तो यंत्रणेशी बोलतो.

ऑगस्टमध्ये शाळा उघडतात तेव्हा पालकांच्या हाती आपत्कालीन संपर्काचा अर्ज येतो. आईवडिलांशी संपर्क न झाल्यास मुलाला घरी नेण्याची मुभा कुणाला, अशी दोन-तीन नावे त्यात मागितलेली असतात, आणि पुण्याचा किंवा नाशिकचा क्रमांक तेथे चालत नाही. पुष्कळ घरांत त्या ओळीवर घाईघाईने ऑफिसातल्या सहकाऱ्याचे नाव पडते, ज्याला मुलाने कधी पाहिलेलेही नसते. त्या जागी नाव लिहिण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारावे लागते. शेंगदाण्याची ॲलर्जी, इनहेलर कोणत्या कप्प्यात, कार सीट कशी बसवायची, हे तिला दाखवावे लागते. नेताना तिला ओळखपत्र दाखवावे लागेल, हेही सांगून ठेवावे लागते. आणि त्याच वेळी तिच्या मुलांच्या अर्जावर आपले नाव घालायला सांगता येते.