छप्पर उडतं ते कुठून? वादळात टिकणारी घरं आणि ती बांधणारी घरची कंपनी

आजच्या भागाचं हे लेखी रूप. बसमध्ये, लोकलमध्ये ऐकताना आकडे निसटतात, म्हणून सगळं इथे एका जागी.

आजचा प्रश्न असा: वादळात टिकणारी, पर्यावरणाचा विचार करून बांधलेली घरं बनवणारी कंपनी एकाच कुटुंबाच्या हातात असेल, तर तिच्या प्रमुखाचं मुख्य काम काय? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाइकाला जे कधीच दिसणार नाही त्यावर खर्च करायचा, आणि तिथे घरच्यांनाही सूट द्यायची नाही.

वारा नेमकं काय करतो?

आपल्याला वाटतं, वारा घराला ढकलतो. ढकलतोच, पण छपरावरून वेगाने जाताना तो छप्पर वर ओढतोसुद्धा. तेवढ्यात एखादी खिडकी फुटली की वारा आत शिरतो आणि खालूनही रेटा देतो. वरून ओढ, खालून रेटा! शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणजे ताशी 60 किलोमीटरचा वारा 120 झाला, की घरावरचा भार चार पट.

म्हणून छप्पर भिंतीला, भिंत जोत्याला आणि जोतं पायाला घट्ट बांधलेलं हवं. या साखळीतली एक कडी सुटली तरी बाकीची मजबुती फुकट जाते. 1992 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात अँड्र्यू वादळ आलं. नंतरच्या पाहणीत दिसलं, की अनेक घरांत छपराच्या फळ्या खालच्या कैच्यांना नीट ठोकलेल्याच नव्हत्या. त्यातून धडा घेऊन फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि 2002 पासून राज्यभर एकच संहिता लागू झाली.

गोल घरांची कंपनी

आता एक खरं उदाहरण. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲशव्हिल गावात डेल्टेक होम्स नावाची कंपनी आहे. 1968 पासूनची, कुटुंबाच्या मालकीची. तिची ओळख म्हणजे गोल घरं. गोल म्हटलं तरी भिंती वाकवलेल्या नसतात. साधारण 8 फुटी सपाट पॅनेल एकाला एक जोडून गोलाकार तयार होतो. वारा मोठ्या सपाट भिंतीवर थडकण्याऐवजी बाजूने वळून जातो. छपराच्या कैच्या बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या मधून बाहेर जातात, त्यामुळे भार सगळीकडे वाटला जातो.

पॅनेल कारखान्यात बनतात. तिथे पाऊस नाही, चिखल नाही, मापं नेमकी. लाकूड मोजून कापलं जातं, तुकडे कमी वाया जातात. आणि सर्वात मोठी बचत पुढची आहे: उभं राहिलेलं घर पुन्हा बांधावं लागत नाही. एकाच घरासाठी दोनदा सिमेंट, लाकूड, पत्रे लागले, तर त्याला पर्यावरणपूरक कसं म्हणायचं?

घरचा धंदा: फायदा आणि धोका

शेअर बाजारातल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी नफा दाखवावा लागतो. घरच्या कंपनीला ती घाई नसते. आज जास्त खिळे, पट्ट्या, बोल्ट घातले, तर त्याची किंमत वीस वर्षांनी कळली तरी चालतं, कारण तेव्हाही दारावर नाव आपलंच असणार.

पण धोकाही तिथेच आहे. काका साइट बघतात, भाचा माल आणतो, मग चूक कोणी दाखवायची? म्हणून प्रमुखाने एक गोष्ट पक्की करावी: तपासणी करणारा इंजिनिअर घरातला नसला तरी काम थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा. गिऱ्हाईक म्हणेल, पट्ट्या कमी करा आणि टाइल्स भारी लावा. तिथे "जमणार नाही" म्हणता यायला हवं, ऑर्डर गेली तरी.

आकाराची मर्यादा

सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, डोंगरातल्या ॲशव्हिलपर्यंत पोचलं. तिथे सर्वात मोठं नुकसान केलं ते पाण्याने. नद्यांना पूर आला, दरडी कोसळल्या. घर गोल असो की चौकोनी, पुराच्या वाटेवर बांधलं तर आकार वाचवत नाही. म्हणजे "या जागेवर आम्ही बांधणार नाही" हेही प्रमुखालाच सांगावं लागतं.

आणि आपल्याकडे?

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या श्रीवर्धन पट्ट्यात आलं. कौलं, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं.

कोकणात बांधकामाचा धंदा बऱ्याचदा घरचाच असतो: वडील मिस्त्री, मुलगी किंवा मुलगा सिव्हिल इंजिनिअर. तुम्ही त्यांच्यातले असाल तर गोल घर बांधायची गरज नाही. पत्रा वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला कशाने बांधली आहे, एवढं प्रत्येक कामावर तपासा. झाकण्याआधी फोनवर फोटो काढा आणि घरमालकाला द्या. जे पुढे दिसणार नाही, त्याचा तो पुरावा.

घर बांधून घेणाऱ्यांनीही रंग ठरवण्याआधी हेच विचारावं. पुढच्या भागात भेटू!